रक्तबीजाला व्हिडिओ गेमचा बॉस कसा करावा

पुराणातला राक्षस गेममध्ये आणायचा म्हटलं की बहुतेक जण चित्रापासून सुरुवात करतात: शिंगं, सुळे, लाल डोळे, मोठी हेल्थ बार. रक्तबीजाच्या बाबतीत ही सुरुवातच चुकते. देवीमाहात्म्याच्या आठव्या अध्यायात त्याच्या रूपाचं वर्णन जवळजवळ नाहीच; आहे तो त्याचा नियम. त्याच्या अंगातून रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की तिथून त्याच्याच आकाराचा, त्याच्याच बळाचा दुसरा असुर उठतो. हा नियम गेममध्ये खरा ठेवलात तर रक्तबीज उभा राहतो. तो वाकवलात तर चित्र कितीही देखणं असो, उरतो तो एक मोठा राक्षस आणि त्याची पिलावळ.

इथे गोडो ४ या गेम इंजिनमध्ये, वरून दिसणाऱ्या टूडी गेमसाठी पूर्ण बांधणी दिली आहे. युनिटीत किंवा थ्रीडीत करणार असाल तर नावं बदलतील, आकडे थोडे हलतील, पण अडचणी याच येतील.

आधी कथा नीट वाचा

मार्कंडेय पुराणातले ८१ ते ९३ हे तेरा अध्याय म्हणजे देवीमाहात्म्य, आपल्याकडे नवरात्रात पाठ होतो ती सप्तशती. रक्तबीजाचा अध्याय लहान आहे, तो मूळ श्लोक आणि अर्थासह दोनदा वाचावा. गेमच्या दृष्टीने त्यातल्या चार गोष्टी सोन्यासारख्या आहेत.

एक, तो गदा घेऊन लढतो आणि पहिली गाठ ऐंद्रीशी, म्हणजे इंद्राच्या शक्तीशी पडते. तिच्या वज्राने रक्त वाहतं आणि असुर उठायला लागतात. दोन, वैष्णवीच्या (विष्णूच्या शक्तीच्या) चक्राने झालेल्या जखमेतून इतके असुर निघतात की सगळं जग भरून जातं आणि देव घाबरतात. म्हणजे जितकं भारी शस्त्र, तितकं मोठं संकट. तीन, उपाय चंडिका सांगते: चामुंडेने, म्हणजे कालीने, तोंड पसरून रक्त वरच्यावर प्यायचं आणि उठलेले असुरही गिळत रणात फिरायचं. चार, शेवटी रक्तबीज घाव वर्मी लागला म्हणून पडत नाही, अंगातलं रक्त संपलं म्हणून पडतो.

या चौथ्या मुद्द्यामुळे नेहमीची हेल्थ बार इथे बसतच नाही. ती काढून टाका.

आकड्यांचा पाया

खेळाडूचा एक वार मूळ रक्तबीजावर बसला की दोन थेंब उडतात. क्लोनवर, म्हणजे रक्तातून उठलेल्या असुरावर, बसला की एक. क्लोन तीन वारांत पडतो. यावरून लगेच दिसतं की नुसत्या तलवारीने संख्या कधीच कमी होत नाही: एक क्लोन मारेपर्यंत तीन नवे उठलेले असतात. प्रत्येकाला फेरीत एकेक वार करत गेलं तर मैदानातली संख्या १, ३, ७, १५, २९ अशी वाढते. चौथ्या फेरीतच फोन गुदमरायला लागतो, म्हणून कमाल मर्यादा हवी. मध्यम किमतीच्या अँड्रॉइडवर मूळ धरून २४ हा आकडा सुरुवातीला धरावा.

मर्यादा भरल्यावर पडलेल्या थेंबांचं काय करता, यावर सगळा डाव अवलंबून आहे. सोपा मार्ग म्हणजे ते थेंब गायब करणं. तसं करू नका. खेळाडूंना हे पटकन कळतं, मग ते मुद्दाम मैदान २४ पर्यंत भरवतात आणि पुढे बिनधास्त मारत सुटतात. नियम खोटा पडतो. त्याऐवजी थेंबाचा जमिनीवर डाग राहू द्या. डाग हळूहळू धपापत राहतो आणि जागा रिकामी होताच, सगळ्यात जुना डाग आधी, या क्रमाने असुर उठतो. एकावेळी ४० डाग पुरतात. नवा डाग आधीच्या डागापासून २४ पिक्सेलच्या आत पडला तर वेगळा न काढता जुन्याच्या मोजणीत एक मिळवा आणि तो थोडा मोठा दाखवा.

क्लोनचा आकार आणि माराची ताकद मुळाइतकीच ठेवा. ते छोटे किंवा अर्धपारदर्शक करण्याचा मोह होतो, कारण पडद्यावर गर्दी होते. गर्दी व्हायलाच हवी. सोपेपणा आणायचा तर तो हल्ल्याच्या पाळीने आणावा: एका वेळी दोघांनाच हल्ल्याचं टोकन मिळेल, अवघड पातळीवर तिघांना, बाकीचे घेरून उभे राहतील. इथे एक चूक हमखास होते. टोकन घेतलेला क्लोन हल्ल्याच्या मध्येच गिळला गेला तर टोकन परत येत नाही. असं दोनदा झालं की कोणीच हल्ला करत नाही आणि सगळे नुसते उभे राहतात. म्हणून टोकन परत करण्याचं काम हल्ल्याच्या अॅनिमेशनच्या शेवटी ठेवू नका. क्लोन पूलमध्ये (आधीच तयार करून लपवून ठेवलेल्या क्लोनच्या साठ्यात) परत जाण्याच्या फंक्शनमध्ये ठेवा. ते फंक्शन कुठल्याही मार्गाने आलं तरी चालतंच.

थेंब

या बॉसमध्ये सगळ्यात जास्त वेळ थेंबावर घालवावा. खेळाडूची नजर राक्षसावर नसते, थेंबावर असते.

वरून दिसणाऱ्या टूडी गेममध्ये उंची खोटी दाखवावी लागते. थेंबाच्या मूळ नोडची (नोड म्हणजे गोडोतला एक घटक) जागा म्हणजे जमिनीवरची जागा. तिथे सावली काढा. थेंबाचं चित्र हा त्याचा मुलगा-नोड, तो फक्त वर-खाली सरकतो. जखम छातीशी धरून ४० पिक्सेल उंचीवरून सुरुवात, वरच्या दिशेने वेग सेकंदाला २५० पिक्सेल, गुरुत्व ९००. या आकड्यांनी थेंब साधारण ७५ पिक्सेल उंच जातो आणि ०.६८ सेकंदात जमिनीला लागतो. आडवा वेग ६० ते १४० च्या दरम्यान कुठलाही द्या, म्हणजे थेंब ४० ते ९५ पिक्सेल लांब पडतो. हा आकडा लक्षात ठेवा, काली ज्याच्या आत थेंब झेलते ते तिचं वर्तुळ यावरूनच ठरणार आहे.

जमिनीला लागल्यावर लगेच असुर उठवू नका. १.२ सेकंद माती फुगू द्या: आधी डाग, मग भेगा, मग मुठीत गदा धरलेला हात. एवढ्या वेळात खेळाडूला कळतं की काय होणार आहे, आणि शेवटचा प्रयत्न करायला संधीही मिळते.

थेंबाच्या अवस्था चारच: हवेत, पडलेला, उगवता, गिळलेला. दर फ्रेमला आधी कालीचा हिशोब तपासा, मग जमिनीचा. हा क्रम निश्चित केला नाही तर एकाच फ्रेममध्ये थेंब गिळलाही जातो आणि त्यातून असुरही उठतो. खेळाडूला ही सरळ फसवणूक वाटते. गिळलेला ही अवस्था एकदा लागली की तिथून परतीची वाट ठेवू नका.

दुसरी नेहमीची अडचण कोलिजनची, म्हणजे टक्कर ओळखण्याची. एरिया टूडीच्या (आत काय आलं ते ओळखणाऱ्या नोडच्या) सिग्नलमधूनच थेंबाचा कोलिजन शेप बंद करायला गेलात की गोडो लाल अक्षरांत तक्रार करतो, कारण त्या क्षणी फिजिक्सचं काम चालू असतं. तिथे सेट डिफर्ड (बदल थोडा पुढे ढकलून करणारं फंक्शन) वापरून शेप बंद करा. आणि कालीच्या वर्तुळाशी जुळणी थेंबाच्या मूळ नोडवरून करा, चित्रावरून नाही. एरिया चित्राला जोडलेला असेल तर सावली वर्तुळात असूनही थेंब ७५ पिक्सेल वर असल्यामुळे तो बाहेर धरला जातो. पडद्यावर काली त्याच्या खालीच उभी असते आणि थेंब मात्र निसटतो.

रंगाबद्दल. लाल थेंब तपकिरी मातीवर ठेवला की लाल-हिरवा फरक न कळणाऱ्यांना तो दिसतच नाही, आणि बाकीच्यांनाही धावपळीत चुकतो. थेंबाला पांढरट कडा द्या, सावली गडद आणि गोल ठेवा. रक्त ओलं, वास्तव वाटेल असं काढलंत तर गुगल प्लेच्या वयोगटाच्या प्रश्नावलीत उत्तरं बदलतात आणि गेम वरच्या वयोगटात जातो. शेंदरी, चकचकीत, मण्यासारखा थेंब काढला तर कथेला धक्का लागत नाही आणि लहान मुलांच्या पालकांनाही चालतो. हिरवा किंवा जांभळा मात्र करू नका, मग ते रक्त राहत नाही.

काली

ती खेळाडूने चालवायचं पात्र नको, सोबतीण हवी. यामागे दोन कारणं. देवी पूजेतली आहे. खेळाडूच्या चुकीमुळे ती मार खाऊन पडते, पुन्हा उठते, असं दाखवणं अनेक भाविकांना बोचतं, आणि कथेतही तिला हरवणारा कोणी नाही. त्यामुळे तिला हेल्थ देऊ नका, तिच्यावर कोणाचा वार लागू नये, तिचं रूप पैसे देऊन बदलायची सोय ठेवू नये. दुसरं कारण खेळाचं आहे: खेळाडूच्या हातात वार आणि गिळणं दोन्ही दिलं तर कोडंच उरत नाही. एकाने मारायचं आणि दुसरीने झेलायचं, ही विभागणी मूळ कथेतच आहे.

जमिनीवर तिचं वर्तुळ दिसतं, त्रिज्या ९६ पिक्सेल. खेळाडू बटण दाबून धरतो तेव्हा ती त्याच्याकडे सरकते. खेळाडूचा वेग सेकंदाला १८० पिक्सेल असेल तर तिचा १४० ठेवा. ती थोडी मागे राहिली पाहिजे, म्हणजे खेळाडूला राक्षसाला ओढत तिच्यापर्यंत आणावं लागतं. थेंब जास्तीत जास्त ९५ पिक्सेल उडतात, म्हणून रक्तबीज वर्तुळाच्या मधोमध असेल तर एकही थेंब बाहेर जात नाही. तो काठाशी असेल तर काही निसटतात. त्रिज्या १३० केलीत तर जागा धरण्याचं कौशल्यच संपतं, ७० केलीत तर नीट खेळणाऱ्यालाही शिक्षा होते.

क्लोनवर वार बसला की तो १.५ सेकंद डगमगतो. तेवढ्यात तो वर्तुळात असेल तर काली त्याला सबंध गिळते. याला ०.८ सेकंद लागतात आणि तेवढा वेळ ती दुसरा क्लोन घेऊ शकत नाही, थेंब मात्र झेलत राहते. थेंब आणि क्लोन दोन्ही एकदम थांबवले तर गर्दीत तिचा उपयोग शून्य होतो.

मूळ कोणता, हे कसं कळावं

डोक्यावर बाण, नावाची पट्टी, वेगळा मुकुट, काही नको. नियमातूनच ओळख निघते. मुळाच्या अंगातून दोन थेंब उडतात, क्लोनच्या अंगातून एक. लक्ष असणाऱ्याला पहिल्या काही वारांतच कळतं. आणि मुळाचं रक्त कमी होत जातं तसा तो फिका पडतो.

मुळाच्या अंगात ४० थेंब धरा. कालीने गिळलेले थेंबच वजा करायचे, जमिनीवर पडलेले नाही. नाहीतर नुसती तलवार चालवूनही लढाई जिंकता येईल. दर पाच थेंबांना एक, अशा आठ पायऱ्यांत त्याचा रंग गडद तांबड्यावरून राखाडीवर आणा. शेडरमध्ये (चित्राचा रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) संपृक्तता एकेक पायरी उतरवली की काम होतं. शेवटच्या दोन पायऱ्यांत चाल जड करा, गदा जमिनीवरून ओढत आणू द्या. एका वाराला दोन थेंब, म्हणजे सगळे वार नीट बसले तर वीस वार. गर्दीत एक नेमका वार साधायला तीन-चार सेकंद जातात, त्यामुळे हा टप्पा साधारण ६० ते ८० सेकंद चालतो. त्याहून लांबवू नये.

लढाईचा क्रम

पहिला वार शिकवणीचा. त्यातून एकच थेंब उडू द्या, काळ ०.३ पटीवर आणा, कॅमेरा थेंबाबरोबर खाली न्या, असुर उठू द्या. लिखित सूचना टाकू नका. हे एकदा पाहिलेलं कोणी विसरत नाही.

मग कालीविना लढाई. इथून पुढच्या टप्प्यावर जाण्याची अट वेळेवर ठेवू नका, संख्येवर ठेवा: मैदानात १२ झाले की काली येते. काही सावध खेळाडू मारायचंच थांबवतात आणि मग काहीच घडत नाही. त्यासाठी २० सेकंद वार झाला नाही तर वैष्णवीचं चक्र मैदानातून जाऊ द्या. ते कथेत आहेच, आणि संख्या एकदम वाढते. हा टप्पा ७५ सेकंदांच्या वर गेला तर खेळाडू कंटाळत नाही, घाबरून सोडून देतो.

मैदान १६०० बाय १२०० पिक्सेल, कोरडी सपाट जमीन. तळं, लाकडी फळी, दगडी चौथरा यांतलं काहीही ठेवलंत की प्रश्न येतो: तिथे पडलेला थेंब जमिनीवर पडला का? हो म्हणालात तर विचित्र दिसतं, नाही म्हणालात तर खेळाडू चौथऱ्यावर चढून कालीशिवाय जिंकतो.

चित्र, चाल, आवाज

संदर्भासाठी परदेशी गेममधले सैतान बघत बसण्यापेक्षा जवळचं साहित्य मोठं आहे. वेरूळच्या १४ आणि २१ क्रमांकाच्या लेण्यांत मातृकांचे, म्हणजे ऐंद्री, वैष्णवी अशा देवशक्तींचे, पट आहेत. कोणाच्या पायाशी मोर, कोणाच्या पायाशी हत्ती, हे तिथे नीट बघून घ्या. फक्त एक लक्षात ठेवा: रक्तबीजाच्या अध्यायात नारसिंहीही लढते, शिल्पपटात बहुधा तिच्या जागी सातवी चामुंडा असते. गेममध्ये पोथीप्रमाणे जायचं की शिल्पाप्रमाणे, हे आधी ठरवा आणि मग मिसळू नका.

चालीसाठी सिंधुदुर्गातल्या दशावतारी नाटकातल्या राक्षसपार्टीचा (राक्षसाचं काम करणाऱ्या नटाचा) प्रवेश पाहावा. पाय आपटत येणं, क्षणभर थांबणं, मग नजर फिरवून आरोळी: या थांबण्यातच दरारा आहे. हल्ल्याच्या अॅनिमेशनमध्येही तेच करा. सेकंदाला १२ फ्रेमच्या गतीने दहा फ्रेमचा हल्ला ठेवला तर पहिल्या पाच फ्रेम गदा उचलण्याच्या, म्हणजे ०.४२ सेकंद. एवढी पूर्वसूचना मिळाली की मार खाल्लेला खेळाडू स्वतःला दोष देतो, गेमला नाही.

१२८ बाय १२८ च्या चौकटीत उभं राहणं ६, चालणं ८, हल्ला १०, डगमगणं ३, मातीतून उगवणं ९, गिळलं जाणं ६, अशा ४२ फ्रेम होतात. १०२४ च्या चौरस शीटवर ६४ मावतात, म्हणजे मुळाच्या शेवटच्या जड चालीलाही जागा उरते. सगळे क्लोन हीच शीट वापरतात, त्यामुळे चोवीस जण असले तरी चित्राची मेमरी एकाचीच लागते. अंगाचा रंग काळा ठेवू नका. काली सावळी आहे, दोघं एकमेकांत मिसळतात आणि वर्तुळात कोण आहे तेच दिसत नाही.

चोवीस जणांनी एकाच क्षणी एकच आरोळी दिली की आवाज फाटतो. एका वेळी चारच आरोळ्या वाजू द्या, प्रत्येकीचा स्वर आठ टक्क्यांपर्यंत वर-खाली करा आणि मध्ये ४० ते १२० मिलिसेकंदांचं अंतर ठेवा. थेंब जमिनीला लागल्याचा आवाज मात्र कधीही दाबू नका. पाठीमागे पडलेला थेंब खेळाडूला त्यावरूनच कळतो.

फोन अडखळू नये म्हणून

सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद मिळतात. लढाईच्या मध्ये नवा क्लोन तयार करणं आणि मेलेला पुसणं यात हा वेळ खाल्ला जातो आणि नेमका असुर उठताना पडदा अडखळतो. २३ क्लोन आणि ६४ थेंब पातळी उघडतानाच तयार करून लपवून ठेवा, हवे तेव्हा जागे करा. जागं करताना वार मोजणारा आकडा, अवस्था, रंग, टायमर सगळं पुन्हा शून्यावर आणा. नवा उठलेला असुर पहिल्याच वारात पडत असेल तर मागच्या जन्माचे दोन वार त्याच्यावर शिल्लक राहिलेत, असं समजा.

क्लोनना एकमेकांशी फिजिक्सने धडकू देऊ नका, गर्दीत ते थरथरत राहतात. त्यांचे कोलिजन लेयर वेगळे करून २८ पिक्सेलच्या आत आलेल्यांना हळूच दूर ढकलणारं साधं गणित लावा. वाट शोधण्याचं काम सहा-सहांच्या चार गटांत वाटा, प्रत्येक गटाची पाळी पाव सेकंदाने एकदा.

चाचणी संगणकावर करून थांबू नका. स्वस्त फोन दहा मिनिटं तापवून मग २४ असुर, ४० डाग आणि एक गिळणं एकाच वेळी पडद्यावर आणा. तिथे गती टिकली तर बाकी ठिकाणी टिकेल. टिकली नाही तर आधी डागांची सजावट कमी करा, असुरांची संख्या सगळ्यात शेवटी.

हाच साचा मणीसाठी

मल्हारी माहात्म्यातल्या मणी राक्षसाचं रक्तही जमिनीवर पडलं की त्यातून राक्षस उठतात, आणि ते रक्त घृतमारी ही शक्ती पिऊन टाकते. त्यामुळे खंडोबाच्या कथेवर गेम करणाऱ्यांना वरचं जवळजवळ सगळं तसंच वापरता येईल. बदल दोन करावे लागतात. मणी पांढऱ्या घोड्यावर आहे, म्हणून तो मैदानात वेगाने आडवा जातो. धावत्या घोड्यावरून उडालेल्या थेंबांना घोड्याचा अर्धा वेग मिळवून द्या आणि घृतमारीचं वर्तुळ गोल न ठेवता धावेच्या दिशेने लांबट करा, नाहीतर एकही थेंब हाती लागणार नाही.

दुसरा बदल शेवटाचा. मणी शरण येतो, घोडा देतो आणि खंडोबाजवळ जागा मागून घेतो. जेजुरीला त्याची मूर्ती आहे. म्हणून चाळिसावा थेंब गिळला गेल्यावर मरणाचं अॅनिमेशन लावू नका. त्या क्षणी खेळाडूचं हल्ल्याचं बटण बंद करा, उरलेले डाग मातीत विरू द्या आणि मणीला घोड्यावरून उतरवा. बटण बंद करायला विसरलात तर हात जोडून उभ्या असलेल्या मणीवर खेळाडू सवयीने आणखी एक वार करतोच.